एकोणीस वाव

वादळाच्या तीन आठवडे आधी खाजणपाड्याच्या वाळूवर पुढील गोष्टी होत्या : बोंबील सुकवायचे बांबू दोनशे सोळा, नऊ रांगांत, प्रत्येक रांगेत चोवीस, वर ओढून ठेवलेल्या होड्या सतरा, देवीचा सिमेंटचा चौथरा एक, चौथऱ्यामागे माड पाच, जाळी शिवायला बसायची ताडपत्रीची सावली एक, कुत्री चार. कुत्री मोजताना हलत होती, त्यामुळे वहीत त्या आकड्यापुढे मी प्रश्नचिन्ह टाकलं आहे.

चौथऱ्याच्या कडेपासून मोठ्या भरतीच्या रेषेपर्यंत सेहेचाळीस मीटर वीस सेंटीमीटर वाळू होती. त्यापुढे प्रश्नचिन्ह नाही.

खाजणपाडा खारदांड्याच्या उत्तरेला आहे, अडतीस घरांचा. माझ्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी दर महिन्याला सांताक्रूझहून तिथे जाते आणि किनाऱ्याचा उतार मोजते. पन्नास मीटरची टेप, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन काठ्या आणि वही एवढं सामान लागतं. पाड्यात मला टेपवाली म्हणतात. माझं नाव गार्गी आहे, हे बहुधा फक्त सुगंधामावशींना माहीत आहे, आणि त्याही ते रागावल्यावरच वापरतात.

वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं नाही. ते समुद्रातूनच, सुमारे दीडशे किलोमीटर लांबून, वर गुजरातकडे गेलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर मुंबई वाचली असं सांगत होते. तिसऱ्या दिवशी मी खाजणपाड्याला गेले. बांबू एकतीस होते, त्यांतले नऊ दुसऱ्या कुठल्या तरी गावचे. होड्या अकरा, त्यांतली एक रस्त्यावर, रिक्षा स्टँडच्या पाटीला टेकून. माड तीन. सावली नव्हती. कुत्री पाच. चौथऱ्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत एकतीस मीटर पन्नास.

गेलेल्या सहा होड्यांत एक सुगंधामावशींची होती.

"नाव ऱ्हायली नाय, आता जागा तरी ऱ्हायला पायजे," त्या म्हणाल्या. त्यांनी चहा दिला आणि लगेच विचारलं, "वाळू परत येतं का गो?"

"थोडी येते, मावशी. पावसाळ्यानंतर."

"थोडी म्हंजे किती?"

"ऑक्टोबरमध्ये मोजल्यावर सांगते."

"मोजल्यावर काय, मी पन सांगीन."

जागेचा प्रश्न समजण्यासाठी दोरीबद्दल सांगायला हवं. खाजणपाड्यात सुकवणीची जागा कोणाच्या कागदावर नाही. चौथऱ्यापासून समुद्राकडे नऊ रांगा, नऊ घरांच्या. पहिला एक वाव देवीला मोकळा सोडायचा, मग प्रत्येक रांगेला दोन वाव. एकूण एकोणीस. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर, आणि हात पाड्याच्या पाटलाचेच. पाटील एकदाच दोरीवर एकोणीस वाव मोजून गाठी मारतो. ती दोरी देवीच्या चौथऱ्यात ठेवतात आणि तो पाटील असेपर्यंत दर वर्षी तीच वापरतात.

नववी, समुद्राला सगळ्यांत जवळची रांग सुगंधामावशींची. आणि कोजागिरीनंतरच्या सगळ्यांत मोठ्या भरतीचं पाणी ज्या रांगेच्या बांबूला लागेल, ती रांग उठते. त्या घराला त्या वर्षी जागा नाही. हा नियम चांगला आहे, कारण ओल्या वाळूवर बोंबील सुकत नाहीत, सडतात आणि शेजारच्या रांगेलाही वास लावतात. आजवर रांग कधी उठली नव्हती. नऊ रांगांच्या पुढे अकरा मीटर वाळू शिल्लक असायची.

जुनी दोरी सीतारामबाबांच्या वावाची होती. मी ती एप्रिलमध्ये मोजली होती : चौतीस मीटर सत्त्याहत्तर, म्हणजे दर वाव सरासरी एक मीटर त्र्याऐंशी. सीतारामबाबा सहा फुटांचे होते. ते गेल्या वर्षी वारले. त्यांची दोरी वादळाने चौथऱ्यातून काढून नेली. आता पाटील म्हणजे त्यांचा मुलगा, चंद्रप्रकाश.

चंद्रप्रकाश पाच फूट चार इंच आहे.

जूनमध्ये एकदा पाऊस थांबेपर्यंत आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. त्यानेच हात पसरले आणि म्हणाला, "बघ गो, माझा वाव किती भरतंय?"

मी टेप लावली. "एक मीटर सहासष्ट."

"आणि बाबाचा?"

"दोरीवरून एक त्र्याऐंशी."

त्याने टेपवरचा आकडा स्वतः वाकून वाचला. "टेप जुनी हाय तुजी," तो म्हणाला.

टेप एप्रिलमध्ये घेतलेली होती. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले.

ऑक्टोबरमध्ये, कोजागिरीच्या सकाळी, सगळा पाडा नवी दोरी करायला चौथऱ्यापाशी जमला. मी आदल्या दिवशीच मोजणी केली होती. वाळू थोडी परतली होती. मोठी भरती चौथऱ्यापासून चौतीस मीटर दहा सेंटीमीटरवर येईल असा माझा अंदाज होता, तीस सेंटीमीटर इकडे किंवा तिकडे. तो मी सुगंधामावशींना सांगितला.

"सीतारामबाबाच्या वावानं माझी रांग कुठं जाते?"

"चौतीस सत्त्याहत्तर. पाण्यात, मावशी. सदुसष्ट सेंटीमीटर."

"आन चंदूच्या?"

मी गुणाकार केला. "एकतीस चोपन्न. अडीच मीटर कोरडी."

सुगंधामावशींनी चौथऱ्याकडे बघून हात जोडले. देवीने पाटलाला आखूड हात दिल्याबद्दल असावेत.

पण पहिल्या रांगेच्या धोंडिरामला गणित वेगळं दिसत होतं. वाव आखूड झाला तर त्याची रांग तेहतीस-चौतीस सेंटीमीटरने कमी होत होती. तो मोठ्याने बोलायला लागला.

"चंदूच्या हातानं मोजला तर आमची जागा गेली. बाबा गेला तसा वाव पन गेला काय?"

"मग सगळ्यांनी बाबाच्या वावापेक्षा थोडं थोडं कमी घ्या ना," मी म्हटलं. "दर रांगेला वीस सेंटीमीटर. टेपने सगळं सारखं होईल."

"वाव कमी घ्यायचा?" धोंडिराम माझ्याकडे वळला. "वाव काय दुधाची पिशवी हाय? वाव पाटलाचा. पाटील मोजील तो वाव."

"मग पाटील मोजतोय तर बोंब कशाला मारतोस?" सुगंधामावशी म्हणाल्या.

"मी म्हंतो, पाटलानं नीट मोजावा. छाती फुगवून. बाबाचा पोरगा हाय तो."

मागून कोणीतरी म्हणालं, "स्टुलावर चढव त्याला." लोक हसले. चंद्रप्रकाश हसला नाही. तो निळ्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं घेऊन चौथऱ्यावर उभा राहिला आणि मोजायला लागला.

दोरी छातीवरून ताणायची, दोन्ही हात पूर्ण पसरायचे, उजव्या हाताच्या बोटापाशी गाठ मारायची, अशी रीत आहे. चंद्रप्रकाश हात पसरत होता, मग उजव्या हाताच्या पुढे एक मोठी मूठ दोरी आणखी सोडून तिथे गाठ मारत होता. ते तो फार सहज करत होता, घरी सराव केल्यासारखं. मी दोन पावलांवर होते, म्हणून मला दिसत होतं. प्रत्येक गाठीनंतर मी टेप लावली. कोणी हरकत घेतली नाही, मी नेहमीच काहीतरी मोजत असते. पहिला वाव एक मीटर एकोणऐंशी. दुसरा एक ब्याऐंशी. सातवा एक शहाऐंशी, म्हणजे बाबांपेक्षाही तीन सेंटीमीटर जास्त. एकोणीस वावांची बेरीज चौतीस मीटर चोपन्न आली.

धोंडिराम खूश झाला. "बघा. पोरगा बाबावर गेला."

सुगंधामावशी माझ्या शेजारी आल्या. "किती?"

मी सांगितलं.

"म्हंजे पाण्यात."

"अंदाजे चव्वेचाळीस सेंटीमीटर."

त्या चंद्रप्रकाशकडे गेल्या. "चंदू, तुजं हात कवा वाढलं रं?"

"माझं हात व्हतं तेवढंच हायत."

"तुना मी नाळ पडल्यापासून बघतंय. माळ्यावरचा मडका काढायला तुना दुसऱ्याला बोलवावं लागायचं."

"वयनी, पाटलाशी बोलतेस."

"पाटलाशीच बोलतंय. माझी नाव गेली, चंदू. आता रांग पन तुज्या मिशीपायी घालवू?"

तो खाली मान घालून शेवटची गाठ घट्ट करत राहिला. "वाव झाला," तो म्हणाला. "देवीसमोर झाला. आता परत व्हत नाय."

मी काही बोलू शकले असते. एक सहासष्टचा आकडा माझ्या वहीत होता. पण तो त्याने मला त्याच्या ओट्यावर बसून, चहा पिता पिता विचारला होता, आणि समोर साठेक माणसं होती. मी वही बंद केली. हे बरोबर होतं की चूक, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मग दोरी टाकायची वेळ आली. चौथऱ्याकडचं टोक पाटील धरतो. समुद्राकडचं टोक शेवटच्या रांगेचा मालक धरतो, कारण त्याच्यापुढे समुद्र आहे आणि आपलं टोक समुद्रात जाऊ नये ही काळजी त्यालाच जास्त. आजवर सुगंधामावशींचा नवरा धरायचा. तो हल्ली गुडघ्यांमुळे वाळूत चालत नाही. मावशींनी टोक हाताला गुंडाळलं आणि समुद्राकडे चालायला लागल्या.

एका जागी त्या थांबल्या, वळल्या आणि पाय रोवून उभ्या राहिल्या.

दोरी वाळूवर पडली होती. ती सरळ नव्हती. तिसऱ्या रांगेपाशी ती डावीकडे गेली होती, सहाव्या रांगेपाशी उजवीकडे, आणि सातव्या-आठव्याच्या मध्ये तिने एका कुत्र्याला वळसा घातला होता. कुत्रं झोपलेलं होतं.

"ताण गो," धोंडिराम ओरडला.

"ताणलाय," मावशी तिकडून म्हणाल्या.

"ढिली हाय दोरी!"

"नायलॉनची हाय. अशीच पडतंय."

"अगो, मना आंधळा समजतेस काय? साप चालतोय तशी दिसतेय ती. चंदू, सांग तिला."

चंद्रप्रकाश टोक धरून उभा होता. मावशी लांबून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी हात हलवला नाही.

"धोंडिरामदादा," त्या तिथूनच ओरडल्या, "तुना पटत नसंल तर टेपवालीला सांग. दोरी मोजू दे, वाव पन मोजू दे. पाटलाचं हात पन मोजू दे, सगळ्यांसमोर. मग मी ताणतंय."

"हां, मोजा ना," धोंडिराम म्हणाला. "एकदाचं होऊन जाऊ दे. ये गो टेपवाली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टेपचं टोक बाहेर काढलं, कारण मला बोलावलं होतं. चंद्रप्रकाशनेही माझ्याकडे बघितलं. टेपकडे बघितलं. मग माझ्या काखेतल्या वहीकडे.

"काय गरज नाय," तो म्हणाला. "दोरी बरोबर हाय."

"अरे, बरोबर काय? कुत्र्याला वळसा घालून गेलीय!"

"कुत्रा नंतर आला," चंद्रप्रकाश म्हणाला. "पाटील सांगतोय, बरोबर हाय. खड्डे मारा."

धोंडिरामने दोन्ही हात वर करून खाली आपटले आणि पहिला खड्डा मारायला घेतला. पाटील मोजील तो वाव, हे त्याने स्वतःच सकाळी सांगितलं होतं, आणि ते ऐकणारी साठ माणसं अजून तिथेच होती. प्रत्येक गाठीपाशी खड्डे झाले. कुत्रं उठवलं गेलं. नववी रांग लागली तेव्हा मी शेवटच्या बांबूपर्यंत टेप लावली, चौथऱ्यापासून, सरळ : तेहतीस मीटर एकसष्ट.

"पुरंल?" सुगंधामावशींनी विचारलं. दोरी गुंडाळलेली होती तिथे त्यांच्या तळहातावर निळसर वळ उठले होते.

"माझा अंदाज तीस सेंटीमीटर इकडे-तिकडे होऊ शकतो, मावशी."

"तुजा अंदाज नको सांगू, गार्गी."

दोन दिवसांनी, दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी, वर्षातली मोठी भरती आली. सगळा पाडा वाळूवर उभा होता. सुगंधामावशी शेवटच्या बांबूला पाठ लावून, समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. चंद्रप्रकाश चौथऱ्यावर होता आणि तिथून त्याला पाणी नीट दिसत नव्हतं, तरी तो खाली आला नाही. धोंडिराम माझ्या मागे उभा राहून टेपवर लक्ष ठेवत होता. मी सर्वांत वर आलेल्या सात लाटांच्या ओल्या कडांवर काड्या रोवल्या आणि त्यांतल्या सगळ्यांत वरच्या काडीपासून नवव्या रांगेच्या शेवटच्या बांबूपर्यंत टेप लावली.

एकवीस सेंटीमीटर. वाळू कोरडी.