झाकलेली दोन मशिनं

स्वस्त प्रोसेसरची एजन्सी घेतली तेव्हाच मिस्त्रीच्या बायकोने कपाळावर हात मारला होता. गल्लीत त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. कॉम्प्युटर जोडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं; विकण्याच्या नावाने मात्र बोंब. गिऱ्हाईक यायचं, मान डोलवायचं आणि चौकातल्या मोठ्या दुकानातून नावाजलेल्या कंपनीच्या प्रोसेसरचंच मशीन उचलायचं. आता शाळेची चाळीस मशिनांची ऑर्डर मिळाली तरच दुकान तरणार होतं.

शेवटी त्याने शक्कल लढवली. दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरचं एकेक मशीन चादरीने झाकलं आणि शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना म्हणाला, तुम्हीच चालवून बघा. बाई खमक्या. पाऊण तास त्यांनी दोन्हींना घाम फोडला आणि डावीकडच्यावर बोट ठेवलं. मिस्त्रीने चादर ओढली. डावीकडचं स्वस्तातलं होतं. त्याच्या जिवात जीव आला.

बाईंनी मात्र सरळ सांगून टाकलं की नावाजलेलं बंद पडलं तर लोक नशिबाला बोल लावतील, हे बंद पडलं तर बाईंनाच फाडून खातील. मिस्त्री काकुळतीला आला. कधीही बोलवा, हातातलं काम टाकून येईन, म्हणाला. पाय धरायचेच काय ते बाकी होते.

बाईंना दया आली असावी. त्यांनी ऑर्डरचा कागद पुढे ओढला.

"बरं, हेच घेते. फक्त एक सांगा. तुमच्या मुलीच्या मशीनमध्ये कोणता प्रोसेसर घातलाय?"

मुलगी शेजारीच गल्ल्यावर बसली होती. तिला प्रवेशपरीक्षा घरूनच द्यायची होती, तेव्हा मिस्त्रीने स्वतः तिचं मशीन जोडलं होतं. दुकानात स्वस्तातली खोकी छताला टेकलेली असताना तो गुपचूप चौकात जाऊन नावाजलेल्या कंपनीचा प्रोसेसर घेऊन आला होता. पोरीच्या परीक्षेला कशाला जोखीम, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.

खोटं अगदी जिभेवर आलं. एक शब्द, आणि दुकान वाचत होतं. त्याने मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"उजवीकडचा," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. चौकातलं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, ते त्यांनी त्यालाच विचारलं. त्याने सांगितलं.