पैकीच्या पैकी

कॉलेजच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी बावीस वर्षांत रक्त, पू, ओकाऱ्या सगळं निस्तरलं होतं. नाक मुरडणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या सकाळी मात्र त्यांना शिसारी आली.

सकाळच्या फेरीवरून वसतिगृहाच्या रेक्टरबाई धापा टाकत बोलवायला आल्या. दुसऱ्या मजल्यावर पहिल्या वर्षाची एक मुलगी उताणी पडली होती. ओठ निळसर, केसांत वाळलेली ओकारी, घशात घरघर. सिस्टरनी तिला कुशीवर वळवलं, तोंडातली घाण काढली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिची हनुवटी धरून बसल्या.

खोलीतल्या दोघी मैत्रिणी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. खोदून विचारल्यावर कळलं की, मुलगी पहाटेपासूनच अशी होती. दोघींनी खिडक्या उघडल्या, सेंट फवारला, बाटल्या कपाटात दडवल्या. एकीनं तिची घरघर फोनवर टिपून मित्रांना पाठवली, वर हसण्याची चित्रंही टाकली. हाक मात्र कुणालाच मारली नाही.

"व्यसनांवरचा कोर्स केलात ना महिन्यापूर्वी?" सिस्टरनी विचारलं.

"मला पैकीच्या पैकी होते," एक पुटपुटली. "उत्तरं ग्रुपवर आली होती, सिस्टर. आणि प्यायलेलं सापडलं तर काढून टाकतात, असं कोर्सच्या पहिल्याच पानावर आहे."

त्या कोर्सच्या चारशे प्रमाणपत्रांवर सही सिस्टरचीच होती. एका बैठकीत, चहा पिता पिता, न बघता ठोकलेली. आता त्यांना स्वतःच्या हाताचीही किळस आली.

दुपारपर्यंत मुलीच्या जिवाचा धोका टळला. प्राचार्यांनी सिस्टरना बसायला खुर्ची दिली, आवाज मऊ केला. मुलीच्या भविष्याचा, संस्थेच्या नावाचा विषय काढला आणि दवाखान्याच्या नोंदवहीत 'अन्नातून विषबाधा' लिहा, असं सुचवलं. खानावळीचा आचारी तसाही कंत्राटी होता, त्याला बदलता आलं असतं. सिस्टरना ते ऐकवेना. आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं भरणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे बांधायचं!

त्यांनी तिथेच, प्राचार्यांच्या टेबलावर वही उघडून 'दारू' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

संध्याकाळी मुलीचे वडील आले. साधा माणूस, हातात प्रवासाची पिशवी. सिस्टरनी त्यांना जे घडलं ते सगळं सांगितलं, प्रमाणपत्रावरची आपली सहीसुद्धा लपवली नाही.

"मग तुम्ही शिकवलंत काय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," सिस्टर म्हणाल्या.

वडिलांनी लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे कॉलेजची कमिटी हलली. मदतीला हाक मारणाऱ्यावर कारवाई नाही, असा नियम झाला. सिस्टर दहा-दहा जणांना बोलावून, एकाला गादीवर झोपवून, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायला शिकवू लागल्या. मुलं खिदळायची, एकमेकांना गुदगुल्या करायची. ज्याला जमायचं नाही, त्याला त्या परत करायला लावायच्या. प्राचार्य त्यांच्याशी बोलेनासे झाले.

वर्षअखेरीस छापखान्यातून नव्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा आला. शिपायानं तो टेबलावर ठेवून पेन पुढे केलं. सिस्टरनी हजेरीची वही काढली, ज्यांनी वळवून दाखवलं होतं त्यांची एकशे साठ नावं मोजली, तेवढ्यांवरच सह्या केल्या आणि उरलेला गठ्ठा कोराच परत पाठवला.