मिरवणुकीतली हिरवी मोटार

मित्रांनो, रत्नागिरीत आमच्या वाडीच्या तोंडाशी पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात दोनच माणसे मावतील अशी, छप्पर नसलेली, ठेंगणी, हिरवी मोटार उभी असते. तीच मी. वयाने मी तुमच्या आजोबांएवढी असेन. तरी रस्त्यावरून जाणाऱ्या स्कुटरी माझ्याकडे वळून बघतात, असे मला अजून वाटते.

माझा जन्म इंग्लंडातला. हाताने ठोकलेला पत्रा, तारांची चाके, लाकडी स्टेअरिंग आणि समोर घड्याळांसारख्या गोल तबकड्या. मला शर्यतीत धावायचे होते. ज्या कारागिराने माझे इंजिन बसवले, त्याने शेवटी माझ्या बॉनेटवर थाप मारून हळूच काहीतरी म्हटले. तेव्हा मला वाटले, आशीर्वाद दिला. पुढचे आयुष्य बघता त्याने क्षमा मागितली असावी.

पोफळीला कोयनेचे वीजघर उभे राहत होते, तेव्हा तिथे कामाला आलेल्या एका इंजिनिअर साहेबाबरोबर मी बोटीतून आले. साहेबाला वाटले होते, डोंगरातल्या वळणांवरून मला भरधाव नेता येईल. पण इथल्या उन्हात माझे पेट्रोल नळीतच उकळायचे आणि मी जागच्या जागी बसायची. मग साहेब टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभा राही आणि वीजघरातला विशीतला मदतनीस मला ढकलायला धावत येई. त्याचे नाव राजाराम. साहेब माझ्यात बसला त्याहून जास्त वेळ राजाराम माझ्या मागे चालला.

साहेबाचे काम संपले. मायदेशी जायला तो माझ्यातूनच निघाला आणि कुंभार्ली घाटाच्या पहिल्याच वळणावर मी मुक्काम केला. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग मागून येणाऱ्या जीपमध्ये बॅग टाकली, किल्ली राजारामच्या हातावर ठेवली आणि तो गेला. माझे कागद पुढे पोस्टाने आले. त्यांच्याबरोबर एक चिठ्ठी होती. तिच्यात फक्त शुभेच्छा होत्या.

राजारामने मला वाचायला घेतले, असेच म्हणावे लागेल. कुठली तार कुठे जाते, कुठला स्क्रू किती आवळायचा, हे त्याने मला खोलून खोलून शिकून घेतले. पेट्रोलची टाकी गळायला लागली की तो कपड्याच्या साबणाची वडी मळून भोकाला लावायचा. इंजिनच्या सांध्यात बसणारे गॅस्केट आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यातून कापायचा. पेट्रोलची नळी तापली की तिच्यावर ओले फडके गुंडाळायचा. माझ्या खोडी मात्र गेल्या नाहीत. डावीकडे वळताना माझा भोंगा आपोआप वाजतो. उजवे दार फक्त बाहेरून उघडते. वायपर पाऊस थांबला की चालू होतो.

लग्नानंतर राजाराम नव्या नवरीला, म्हणजे नंदाला, माझ्यातून माहेरी राजापूरला घेऊन निघाला. मी चार वेळा बंद पडले. चौथ्या वेळी नंदाने येणाऱ्या एसटीला हात दाखवला आणि ती चढून निघून गेली. दुपारचे जेवण तिने माहेरी केले. जावईबापू दिवेलागणीला पोचले, तेही काळ्या हातांनी. तेव्हापासून ती मला 'ती बया' म्हणते. पण माझ्या सीटचे टाके उसवले तर शिवायला सुई-दोरा घेऊन तीच येते.

पुढे राजारामची बदली रत्नागिरीला झाली. इथल्या पहिल्याच वर्षी चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीसाठी ठरवलेला ट्रक आलाच नाही. माणसे जमलेली, फुले आणलेली, बाबासाहेबांची तसबीर सजवून ठेवलेली. राजारामने मला बाहेर काढले. माझ्या मागच्या सपाट पाठीवर निळे कापड अंथरले आणि तसबीर उभी करून घट्ट बांधली. मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की शर्यतीत पहिले येण्यापेक्षा चालत्या माणसांच्या पुढे, त्यांच्याच वेगाने जाणे किती मोठे असते. अर्थात वाटेत मी दोनदा बंद पडले. पण ढकलायला सगळी वाडी होती. त्यानंतर ट्रक कुणी ठरवलाच नाही. दर चौदा एप्रिलला तसबीर माझ्याच पाठीवरून निघते. वाडीतल्या पोरांना मला पहिल्यांदा ढकलायला मिळाले की ती घरी जाऊन आपण मोठे झालो असे सांगतात.

आता राजारामला सगळे आबा म्हणतात. मीही म्हणते. त्यांचा मुलगा अमरदीप मुंबईला नोकरीत आहे आणि अमरदीपची मुलगी करुणा आजी-आजोबांजवळ राहून इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. गाडी चालवायला ती माझ्यावरच शिकली, त्यामुळे तिला कुठलीही गाडी चालवता येते.

यंदा जानेवारीत अमरदीप सुट्टीवर आला. आबांना डोळ्यांनी अंधुक दिसायला लागले होते. करुणा त्यांना तपासणीला घेऊन गेली, तेवढ्यात अमरदीपने एक गंमत करायची ठरवली. माझ्यासाठी त्याने मुंबईहून नवी कोरी बॅटरी आणली होती. वडील परत यायच्या आत ती बसवायची, असा बेत.

इथे मला माझे एक गुपित सांगायला हवे. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या अंगाला जोडतात. माझ्या वेळी, माझ्या गावी, धन टोक अंगाला जोडायची पद्धत होती. मी तशीच घडले आहे. अमरदीपने जुनी बॅटरी काढली, नवी ठेवली आणि कुठल्याही शहाण्या माणसाने जोडल्या असत्या तशा तारा जोडल्या. माझ्या दृष्टीने उलट्या. बॅटरीची दोन टोके कमीजास्त जाडीची, त्यामुळे तारांच्या पट्ट्यासुद्धा बसेनात. एक सैल होत होती, तिच्यात त्याने पत्र्याचा तुकडा कोंबला. दुसरी घट्ट होती, ती पान्याने फाकवली. मी ओरडून सांगितले असते. पण मला फक्त डावीकडे वळतानाच आवाज करता येतो.

आबा आले तेव्हा मी चालू झाले. आबांनी मुलाच्या पाठीवर हात फिरवला. अमरदीप खुशीत मुंबईला गेला आणि चार दिवसांत बॅटरी उतरली.

मग आबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. वाकायचे नाही, धूळ नको, धूर नको. त्यांना पडवीतल्या खुर्चीवर बसवले आणि माझ्याकडे बघायला नाक्यावरच्या गॅरेजमधला गुरुप्रसाद आला. चांगला, हसरा माणूस. त्याने सगळीकडे शोधून विचारले, मशीन जोडायची जागा कुठे आहे, म्हणजे गाडीचा बिघाड पडद्यावर दिसेल. तशी जागा नाही म्हटल्यावर त्याने तारा बघितल्या. रोजच्या गाड्यांत असतात तशाच होत्या. त्याला सगळे जिथल्या तिथे दिसले. त्याने प्लग बदलले, बॅटरी चार्ज केली. ती पुन्हा उतरली. शेवटी ती बॅटरी मेलीच. दुसरी आणली, तीही मेली. तिसरी आली तेव्हा माझी ठिणगी इतकी मरगळली होती की मी नुसती खोकायचे. गुरुप्रसाद मान हलवून म्हणाला, आता हिला आराम द्या.

एप्रिल उजाडला. अमरदीपचा फोन आला. आबांना माझ्याखाली वाकायची सवय. मी शेडमध्ये राहिले तर ते ऐकायचे नाहीत आणि डोळा गमावून बसतील, ही त्याची काळजी. यंदा तसबिरीसाठी टेम्पो सांगितला आहे आणि पंधरा तारखेला भंगारवाला शिवा येऊन मला घेऊन जाईल, असे त्याने आईला सांगितले. नंदाने ते आबांना सांगितले. आबा एवढेच म्हणाले, "होय. म्हातारी झाली ती." आणि त्यांनी खुर्ची फिरवून पाठ माझ्याकडे केली. खरे सांगते, कुंभार्ली घाटातसुद्धा मला इतके वाईट वाटले नव्हते.

बारा तारखेला करुणा बादली आणि फडके घेऊन आली. जायचीच असेल तर स्वच्छ होऊन जाऊ दे, म्हणाली. माझ्या सीटवर नंदाच्या कोंबडीने अंडे घातले होते, ते आधी उचलले. धुतले, पुसले. मग ती स्टेअरिंगमागे नुसती बसून राहिली आणि हाताला चाळा म्हणून तिने दिव्याचे बटण ओढले. दिवे मंद लागले. समोरच्या तबकडीतला काटा हलला. तिने बटण आत ढकलले, पुन्हा ओढले. पुन्हा बघितले.

"आबा," तिने तिथूनच हाक मारली, "दिवा लावल्यावर बॅटरीचा काटा कुठं जायला हवा?"

आबा काळा चष्मा लावून पडवीत पाठमोरे बसले होते. "डावीकडे. बॅटरीतनं वीज जाते म्हणून. शाळेत काय शिकवतेस गो मग?"

"तो उजवीकडे जातोय."

खुर्ची करकरली. "नीट बघ."

"बघितलं. तीनदा. दिवा लावला की उजवीकडेच."

आबांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. मग म्हणाले, "बॉनेट उघड. अंगाला जी वेणीसारखी जाड पट्टी जोडलीय, ती बॅटरीच्या कुठल्या टोकाला हाय?"

"ऋण."

आणि मित्रांनो, आबा हसायला लागले. इतके, की नंदा भाजीची पाटी घेऊन बाहेर आली आणि डॉक्टरांनी हसायला तरी परवानगी दिलीय का, असे तिने विचारले.

मग दोन दिवस आबा खुर्चीत आणि करुणा माझ्या पोटात, असे काम चालले. आबा डोळे मिटून सांगायचे आणि तिचे हात तिथे पोचायचे. जळालेले कॉन्टॅक्ट तिने घासकागदाने चमकवले. तारा माझ्या रीतीने जोडल्या. बॅटरी भरणाऱ्या, पण आता उलट सवय लागलेल्या डायनामोला सरळ करायला बॅटरीच्या तारेचा क्षणभर स्पर्श द्यायचा असतो. "पापणी लवते तेवढाच," आबा म्हणाले, "जास्त लाड नको." एक ठिणगी उडाली आणि माझ्या अंगातून थेट इंग्लंडपर्यंतचे वारे गेले. मी चालू झाले. कोंबडी शेडच्या पत्र्यावर जाऊन बसली.

करुणा बाबांना, म्हणजे अमरदीपला, फोन करायला निघाली, तेव्हा आबांनी तिला थांबवले. "तारांचं काय बोलू नको. पोरानं हौसेनं बॅटरी आणलीन. चालू झाली, एवढंच सांग."

अमरदीप तेराला संध्याकाळी आला. मी चालू झाल्याचे बघून तो खूश झाला नाही, काळजीत पडला. टेम्पो येणार होताच. ऐन मिरवणुकीत मी अडले तर लोक हसतील, असे त्याचे म्हणणे.

"हसू देत," आबा म्हणाले. "पन्नास वर्षं हसतायत. आणि ढकलतात पण तेच."

चौदाला ऊन कलल्यावर माझ्या पाठीवर निळे कापड आले, तसबीर आली. नंदाने हार घातला. करुणा स्टेअरिंगवर, शेजारी काळ्या चष्म्यात आबा. मागे अख्खी वाडी, पांढऱ्या साड्या, निळे फेटे, ढोल. मी माणसांच्या चालीने चालले. नाक्यावर, चढ लागतो तिथे, नळीतले पेट्रोल उकळले आणि मी थांबले. कुणी काही बोलायच्या आत ओले फडके आले आणि माझ्या मागे हात लागले. त्यांत एक हात घड्याळ काढायला विसरला होता. तो अमरदीपचा होता. सांगितलेला टेम्पो आमच्या मागून येत होता. त्यात पाण्याचे पिंप आणि दमलेली लहान मुले बसवली होती.

मला वाटले, आता संकट टळले. पण पंधराच्या सकाळी अमरदीपने माझे बॉनेट उघडले. एक दिवस चालली म्हणून बेत बदलायला तो तयार नव्हता. शिवा यायच्या आत बॅटरी तेवढी काढून ठेवायची होती. त्याने तारा बघितल्या आणि तो चमकला. करुणाने उलट्या जोडल्या की काय, म्हणून त्याने पाना लावला. निदान नीट जोडून तरी ठेवू, असे तो पुटपुटला.

"अमर, हात लावू नको." आबा पडवीच्या पायरीवर उभे होते. "ती तशीच असते. तिच्या देशात तसंच जोडायचे."

अमरदीपने वडिलांकडे बघितले, मग पट्ट्यांवरच्या, पत्रा कोंबल्याच्या आणि पान्याने फाकवल्याच्या, आपल्याच खुणांकडे. तो हुशार आहे. त्याला सगळे कळायला पाना खाली ठेवण्याएवढाच वेळ लागला.

"तुम्ही सांगितलं नाही मला."

"तू इचारलंस नाय," आबा म्हणाले. "आन् तुला वाईट वाटलं असतं."

बाहेर भंगाराच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. शिवा दोरखंड घेऊन उतरला. अमरदीप बाहेर गेला. करुणाला वाटले, तो काहीतरी सबब सांगेल. गाडीचे कागद सापडत नाहीत, आज वार चांगला नाही. त्याने तसे काही केले नाही. "गाडी द्यायची नाय," तो शिवाला म्हणाला. "बिघाड गाडीत नव्हता. मी केलेला." आणि मेलेल्या दोन बॅटऱ्या स्वतः उचलून त्याने टेम्पोत ठेवल्या.

नंदाने शिवाला चहा दिला आणि ती बया जात नाही ती नाहीच, असे सांगून टाकले. पण त्या दिवशी माझ्या सीटसाठी तिने जाड कापड आणायला माणूस पाठवला.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. शिलाई मशीन, रेडिओ, पंखा. ती अडली तर रागावू नका आणि घाईने शहाणपणही करू नका. ती कशी घडली हे ठाऊक असलेले कुणीतरी बहुतेक घरातच असते, पडवीत खुर्चीवर बसलेले. त्यांना जाऊन विचारा. ती माणसे आपणहून बोलत नाहीत, पण विचारले की त्यांचे डोळे कसे उजळतात, हे मी काळ्या चष्म्यातूनसुद्धा बघितले आहे.

आणि कधी रत्नागिरीला आलात तर मला भेटायला जरूर या. मी तुम्हाला फिरवून आणीन. फक्त चपला मजबूत घाला.