दोन मार्कांची सूट

नैनाला परीक्षेत दोन मार्क कमी पडले, तेव्हा मला अगदी देव पावल्यासारखं झालं.

नीट सांगते. नैना आमची एकुलती एक, बावीस वर्षांची, जन्म इथलाच, अमेरिकेतला, शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा. कॉलेज संपल्यावर चांगली नोकरी धरायची सोडून तिने नेव्हीत ऑफिसर व्हायचं खूळ डोक्यात घेतलं. तेही दोन हजार सहा साली, टीव्ही लावला की इराक दिसायचं तेव्हा! मी रडले, अबोला धरला, एक वेळचं जेवणसुद्धा सोडलं. ती बधली नाही. पण ऑफिसर व्हायला आधी एक परीक्षा असते आणि तिच्यात ही बाई गणितात घसरली. किमान मार्कांना दोन कमी. मी बेसमेंटमध्ये जाऊन एकटीच पोटभर हसून आले.

चुकलं एवढंच, की ही बातमी गिरीशला मी सांगितली. गिरीश म्हणजे माझा नवरा. तोवर तो पूर्णपणे माझ्या बाजूने होता.

"गणितात?" तो म्हणाला. कोटसुद्धा काढला नव्हता, बुटांवर बर्फ तसाच. "आपली मुलगी गणितात नापास?"

"बरंच झालं ना! आता जाणार नाही."

"जायचं की नाही हा नंतरचा प्रश्न आहे, विनीता. आधी पास तर व्हायला हवी!"

म्हणजे मुलगी युद्धावर गेलेली चालेल, नापास झालेली चालणार नाही. बोर्डात गणितात पैकीच्या पैकी मिळवलेल्या माणसाशी लग्न केल्याची फळं, दुसरं काय!

त्या दिवसापासून तो शिकागोच्या ट्रेनमध्ये नेव्हीचे नियम वाचायला लागला. चौथ्या दिवशी नाचतच घरात शिरला. "वेव्हर! वेव्हर मागता येतो! मार्क थोडे कमी असले तरी उमेदवार दमदार असेल तर सूट मिळते. फक्त भरती करणाऱ्या ऑफिसरने नेव्हीच्या निवड बोर्डाला तसं पटवून लिहायला हवं."

"यू आर द बेस्ट, बाबा!" म्हणत नैनाने त्याच्या गळ्यात उडी मारली. दोघं हॉलमध्ये गोल गोल फिरले आणि मी एकटी विरोधी पक्षात उरले.

ते पत्र लिहिणार होते लेफ्टनंट नोवाक. त्यांना घरच्यांशी बोलायचं होतं, म्हणून गिरीशने त्यांना शनिवारी जेवायलाच बोलावलं. मी म्हटलं, बोलाव. मनात म्हटलं, आता बघच तू.

शनिवारी दारात सहा फूट उंच, गुलाबी गालांचा, फार तर तिशीचा पोरगा उभा. बूट न सांगता काढले. पुरी फुगलेली बघून "वॉव!" म्हणाला आणि तिसऱ्यांदा श्रीखंड मागून घेतलं. या माणसाने माझं काय घोडं मारलं होतं? पण माघार घेईन तर मी विनीता कसली!

जेवण झाल्यावर त्यांनी फाईल उघडली. "मॅम, परीक्षेत न दिसणारं असं नैनाबद्दल मला काही सांगा."

मी सरसावून बसले. सगळं इंग्रजीत सांगायचं होतं, पण चिडले की माझं इंग्रजी फार सुधारतं.

"सकाळी उठत नाही," मी म्हटलं. "तीन गजर लागतात, तिन्ही आम्हाला ऐकू येतात. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मी सांगितलेलं ऐकत नाही, तर तुमच्या कॅप्टनचं काय ऐकणार? उलट उत्तर तयार असतं. कोळी दिसला तर पलंगावर चढून किंचाळते."

"मॉम!" नैना म्हणाली.

"बघा, मधे मधे बोलते."

गिरीशने टेबलाखालून मला लाथ मारली. मी पाय बाजूला घेतला आणि पुढे चालू. भांडी, लाँड्री, फोनची बिलं, काही म्हणून ठेवलं नाही. लेफ्टनंटची पेन्सिल आधी हळू झाली, मग थांबली. त्यांनी एकदा नैनाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग फाईल मिटली.

"मॅम, तुम्ही तिला माझ्यापेक्षा चांगलं ओळखता," ते अगदी सौम्यपणे म्हणाले. "आईलाच खात्री नसेल, तर मी बोर्डाला काय पटवणार? कदाचित हे काम तिच्यासाठी नसेल."

जिंकले! मी जिंकले होते. नैना रडली नाही, भांडली नाही. नुसती मान खाली घालून समोरची वाटी सरळ करत बसली.

आणि माझं डोकंच फिरलं.

"तिच्यासाठी नसेल म्हणजे?" मी उठून उभीच राहिले. "कोण म्हणतं नसेल?"

"मॅम, तुम्हीच आत्ता..."

"मी आई आहे! मी म्हणेन! तुम्ही कसे म्हणता? उघडा ती फाईल!"

बिचाऱ्याने उघडली.

"लिहा. ही सोळा वर्षांची होती. संक्रांतीचं हळदीकुंकू, बेसमेंटमध्ये आमची एकेचाळीस माणसं, बाहेर गुडघाभर बर्फ. आणि मी वर गॅसवर तेलाची कढई विसरले. घरभर धूर, अलार्म बोंबलतोय. मी काय केलं असेल? मी देवाचं नाव घेत जिन्यात उभी! या पोरीने गॅस बंद केला, कढईवर झाकण टाकलं आणि सगळ्यांना वर काढलं. तर दारात सगळे आपापल्या चपला शोधत बसलेले! तीस-चाळीस जोड्यांचा ढीग, एक बाई म्हणते माझी डावी सापडत नाही. ही ओरडली, 'चपला सोडा! बाहेर!' असा आवाज, की पैठण्या नेसलेल्या बायका मोज्यांनिशी बर्फात पळाल्या. डॉक्टर पळाले, मराठी मंडळाचे अध्यक्ष पळाले. मग तिने त्या थंडीत माणसं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. चाळीस. अरुणकाका नव्हते! ते बाथरूममध्ये, कडी अडकलेली. ही तोंडाला ओढणी बांधून परत आत गेली आणि त्यांना घेऊन आली."

मला धाप लागली होती. "तुमच्या परीक्षेत दोन मार्क कमी पडले ना तिला? बर्फात एक माणूस कमी आहे हे तिला कळलं. आम्हा चाळीस जणांत कोणालाही कळलं नव्हतं, आणि त्यात सहा इंजिनियर होते!"

गिरीशने मान खाली घातली. त्या सहांत तोही होता. लेफ्टनंट नोवाक पानामागून पान लिहीत होते आणि खुर्चीत हलून हलून हसत होते. "मोज्यांनिशी?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "हे मी बोर्डाला लिहू?"

"लिहा!" मी म्हटलं. "आणि श्रीखंड घ्या अजून."

मार्चमध्ये फोन आला. सूट मिळाली. नैना किंचाळली, गिरीशने फोन घेऊन लेफ्टनंटला दोनदा "काँग्रॅच्युलेशन्स" म्हटलं, जणू त्यांचीच निवड झाली होती. मीही टाळ्या पिटत उड्या मारल्या. मग मला एकदम कळलं की मी कशासाठी उड्या मारतेय, आणि मी खुर्चीत बसले.

नैना माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली. बावीस वर्षांच्या मुलीला कुणाची परवानगी लागत नाही, कागदावर आमची सहीसुद्धा नको होती. गेलं वर्षभर तिने मला फक्त सांगितलं होतं, विचारलं एकदाही नव्हतं.

"आई," ती मराठीत म्हणाली, "मी जाऊ?"

मला भीती वाटत होती. नाही म्हणायची ही खरी वेळ होती, आणि ती ऐकेल असंही तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"हो," मी म्हटलं.

तिने मला खुर्चीसकट मिठी मारली. खुर्ची कलंडली आणि आम्ही दोघी गालिच्यावर पडून मूर्खासारख्या हसत सुटलो. हसता हसताच मी तिचा कान धरला.

"पुन्हा विचारू नकोस," मी म्हटलं. "दुसऱ्यांदा मला जमणार नाही."