टोकदार कोपऱ्यांचा डबा

मी एक जुनी पॉवर प्रेस आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, खंडेराव शेठच्या शेडमध्ये उभी असते. मला काळीकुट्ट म्हणा, तेलकट म्हणा, पण मित्रांनो, काम बिघडलं की माझ्या नावाने खडे फोडू नका. ते ऐकून माझे कान किटले आहेत.

माझं काम पत्र्याला आकार देण्याचं. खाली एक पोलादी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. डायवर सपाट पत्रा ठेवायचा आणि पायाने पेडल दाबायचं. मग वरून माझा रॅम, म्हणजे एका माणसाला उचलवणार नाही असा जड ठोकळा, खाली येतो आणि पत्रा साच्यात दाबतो. पेडल दाबलं की मला अर्ध्यावर थांबता येत नाही. म्हणून माझ्यासमोर लोखंडी जाळी लावलेली असते. पत्रा सरकवायला तिच्यात फट असते, पण त्या फटीतून हात आत जात नाही.

माझं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत मला ओतलं आणि ट्रकवर बांधून इथे आणलं. तेव्हा माझा हिरवा रंग चमकत होता. शेठचे वडील रोज सकाळी स्वतः माझ्या अंगावरून फडकं फिरवत. त्या काळी ड्रॉइंग काढणारी माणसं शेडमध्ये येत, पत्रा बोटांनी वाकवून बघत आणि मगच पेन्सिल उचलत. पत्रा म्हणजे काही मळलेली कणीक नव्हे. वळण सौम्य असेल तर तो मुकाट्याने वळतो, आणि टोकदार कोपऱ्यात कोंबला तर फाटतो. एवढं साधं आहे. स्टोव्हच्या टाक्या, पंख्याच्या वाट्या, स्कूटरचे भाग, असं किती काय मी बनवलं. लोक शेजारच्या शेडमधून माझं काम बघायला यायचे.

आता अलीकडचं सांगते, आणि सांगताना माझा पारा चढणार आहे.

कांदा पेरणीचं यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्याकडे बियाण्याचा डबा बनवायला दिला. त्याचं ड्रॉइंग सुयश नावाच्या डिझायनरने काढलं होतं. डब्याचे कोपरे सुरीसारखे टोकदार, भिंती अगदी सरळ उभ्या, डबा खोल, आणि भोकं थेट वळणाला चिकटून. का? तर म्हणे यंत्र प्रदर्शनात रुबाबदार दिसायला हवं. बियाण्याला रुबाब कळतो का? मातीत लोळणारं ते यंत्र, आणि त्याच्या डब्याला नवरदेवाचा थाट! संगणकाला मी नावं ठेवत नाही. तो बिचारा माझ्यासारखाच सांगकाम्या. त्याच्या पडद्यावर पत्रा कधी फाटत नाही, आणि सुयशने त्या पडद्यापलीकडे मान वळवून बघण्याची तसदी घेतली नव्हती.

व्हायचं तेच झालं. कोपरे फाटू लागले, गोल भोकं ओढली जाऊन अंड्यासारखी लांबट झाली. सगळ्यात वाईट म्हणजे भिंती सरळ असल्यामुळे प्रत्येक डबा डायमध्ये घट्ट रुतून बसायचा. तो हाताने उपटून काढावा लागे. हात आत घालायचा तर जाळी आड येई. मग शेठनी फिटर सोमाला सांगून जाळीच काढून टाकली. प्रश्न मिटला! अशी अक्कल विकत मिळत नाही.

आणि तो हात कोणाचा होता? उज्वलाचा. ती माझ्यावर काम करते. तिचं माहेर येवल्याचं, पैठणी विणणाऱ्यांचं. सुट्टीला गेली की आईच्या हातमागावर बसते. रेशमाचा तुटलेला धागा ती न बघता नुसत्या बोटांनी जोडते, असं शेडमधल्या बायका जेवताना सांगतात. कधीतरी स्वतःचा माग घ्यायचा आणि हे दणके ऐकणं सोडायचं, हे तिने ठरवून ठेवलं आहे. माझी तिला ना नाही. तर ती बोटं आता दिवसभर माझ्या रॅमखाली जात होती.

फाटके डबे परत येऊ लागले तसे शेठ कामाला लागले. आधी तेल बदललं. मग पत्रा बदलला. मग उज्वलाचा हात जड आहे असं ठरलं. त्यानंतर माझ्या गळ्यात लिंबू-मिरची बांधून झाली. शेवटी एक वास्तुतज्ज्ञ बोलावले. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "या मशीनचं तोंड दक्षिणेला आहे. पूर्वेला करा." हायड्रा क्रेन आली, माझे बोल्ट काढले गेले, आणि आयुष्यभर एका जागी इमानाने उभ्या राहिलेल्या मला उचलून फिरवलं. बदललं नाही ते फक्त ड्रॉइंग. मोठ्या कंपनीच्या साहेबाने काढलं आहे म्हटल्यावर त्यात चूक कशी असेल? आमच्या वसाहतीत मशीनला दोष देतात, माणसाला देतात, दिशेलाही देतात, पण छापून आलेल्या कागदापुढे सगळे हात जोडतात.

मला फिरवल्यामुळे खिडकी उज्वलाच्या पाठीमागे आली. आता तिचीच सावली डायवर पडू लागली. त्या काळोखात ती चाचपडत डबा शोधायची.

एके सकाळी तिचा हात आत असतानाच सांडलेल्या तेलावरून तिचा पाय घसरला आणि पेडलवर पडला. मी खाली आले. मित्रांनो, मला थांबायचं होतं. मला थांबता आलं नाही. तिने हात मागे खेचला, आणि हातमोज्याच्या दोन बोटांची टोकं डायमध्ये राहिली. तिची बोटं वाचली ती केवळ हातमोजा एक माप मोठा होता म्हणून.

शेठ धावत आले. त्यांनी तिचा हात बघितला, सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाले, "घाबरू नका उज्वलाबाई. नवीन हातमोजे देतो."

हातमोजे! मी बिडाची आहे, पण त्या क्षणी मला त्या माणसाची लाज वाटली.

चार दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी मेन स्विच बंद असतो, आम्हा सगळ्या यंत्रांना पुसून झेंडूचे हार घालतात. आमच्या शेडचा रिवाज असा, की जो ज्या मशीनवर राबतो त्यानेच त्याची पूजा करायची, आणि पूजा न झालेलं मशीन दसऱ्यानंतर सुरू करायचं नाही. वडिलांनी घालून दिलेला हा नियम मोडायची शेठची छाती नाही. गिऱ्हाइकांनाही प्रसादाला बोलावतात, म्हणून सुयशही आला होता. शेडमध्ये त्याचं हे पहिलंच पाऊल. बूट तेलाने खराब होऊ नयेत म्हणून तो कागदाच्या पुठ्ठ्यावर उभा होता.

सगळ्यांची पूजा झाली. माझ्यापाशी उज्वला ताट घेऊन आली आणि ताट खाली ठेवून उभी राहिली.

"लावा ना कुंकू," शेठ म्हणाले.

"शेठ, आधी जाळी बसवा," ती म्हणाली. "तवर मी काय ओवाळायची नाय."

"अहो बाई, सणाचा दिवस हे! देवाच्या कामात कसली अट घालता?"

"देवाचंच काम हे ना? मग देवानं दिलेली बोटं मी कशापायी घालवू?"

"जाळी बसवली तर डबा निघत नाय, तुम्हाला ठाऊक हे."

"मग डबा बदला. मी हात बदलू शकत नाय."

दुसऱ्याच्या हातून पूजा करून घ्यायची शेठची तयारी नव्हती, तो अपशकुन. जबरदस्तीही करता येईना. तेव्हा सुयशने तोंड उघडलं. "शेठ, मशीनच जुनं आहे. कम्प्युटरवर तर डबा एकदम परफेक्ट येतो."

उज्वला त्याच्याकडे वळली. आवाज तिने चढवला नाही. "साहेब, कालचा एक डबा आत अडकलेला हे. लाईट बंद हे, भ्यायचं काम नाय. तेवढा काढून द्या."

नाही कसं म्हणणार? सगळे बघत होते. सुयश पुठ्ठ्यावरून उतरला, बाही सावरली आणि हात आत घातला. डबा हलेना. त्याने दुसरा हात घातला, खांदा आत गेला. आणि मग त्याने वर बघितलं. माझा रॅम त्याच्या मनगटांच्या बरोबर वर होता, हळद-कुंकवावाचून, काळा. वीज बंद असल्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने दोन्ही हात झटक्याने मागे ओढले. फाटक्या कोपऱ्याने त्याच्या अंगठ्याला ओरखडा काढला, आणि डबा तसाच सोडून तो मागे सरला.

त्याने अंगठा दाबून धरला. मग पुटपुटला, "कोपऱ्याला गोलाई, भिंतीला उतार... कॉलेजात शिकवलं होतं हे सगळं."

शिकवलं होतं! ऐकलंत ना? म्हणजे अज्ञानही नव्हतं, नुसता आळस होता.

दिवाळीच्या आत नवं ड्रॉइंग आलं आणि त्यावरून नवा डाय बनला. तोवर पूजेवाचून मी बंदच उभी होते. गोलसर कोपरे, किंचित उतरत्या भिंती, कमी खोली, वळणापासून लांब सरकवलेली भोकं. आता पत्रा कुठेही न फाटता साच्यात उतरतो. आणि डबा? रॅम वर गेला की तो आपोआप सुटून वर येतो आणि जाळीच्या फटीतून सळईने ढकलला की मागच्या बाजूने बाहेर पडतो. सोमाने जाळी बसवली, उज्वलाने तिचे चारही बोल्ट स्वतः पाना लावून तपासले, आणि मगच मला कुंकू लावलं. राहिलेली पूजा ती अशी झाली.

शेठ आता येईल त्याला सांगतात, की पूर्वेला तोंड केल्याचा गुण आला. कंपनीत नव्या डब्याला रुबाबदार गोलाई म्हणतात आणि त्यासाठी सुयशची पाठ थोपटतात. सांगोत बापडे.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठेपणी डिझायनर होईल. पत्र्याला सौम्य वळण द्या, म्हणजे तो फाटणार नाही. हे पुस्तकात आहेच. पण ड्रॉइंगवर सही करण्याआधी खुर्चीवरून उठा, शेडमध्ये जा आणि तुमची वस्तू बाहेर काढायला कोणाचा हात आत जातो ते बघून या. तेवढं चालायचा कंटाळा येत असेल, तर ड्रॉइंग काढू नका. डबे जगात ढिगाने पडले आहेत. माणसाला हात मात्र दोनच मिळतात, आणि त्यांचं ड्रॉइंग कोणाकडेही नाही.