गाय निवडताना कोणता डोळा उघडा ठेवावा

उजवा

म्हातारा कारेग्येसा याला दिसत नाही, ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती. एक तो स्वतः, आणि तो ती मान्य करत नव्हता. दुसरी त्याची बायको कोबुसिंगे, आणि ती त्यावरून दिवसभर बोलत होती. पण घरातल्या घरात.

बाहेर त्याचं मोठं नाव होतं. मुलीचं लग्न ठरलं की मुलीकडच्यांनी मुलाकडच्या गोठणीवर जायचं आणि ठरलेल्या गाई स्वतः निवडून आणायच्या. म्बारारा गावाच्या आसपासच्या टेकड्यांवर ज्या घरी हा प्रसंग येई, ते घर कारेग्येसाला पुढे घालून निघे. तो कुंपणाच्या दाराशी काठीवर हनुवटी टेकून उभा राही. समोर तपकिरी धुकं. धुक्यात शिंगांची हालचाल. मग तो काठीनं कुठेतरी दाखवी आणि म्हणे, "ती का? असू दे."

एवढंच. पुढे गप्प.

मुलाचा बाप घामाघूम होई. म्हाताऱ्याला काय दिसलं असेल? खूर? कास? आणि तो आपणहून आणखी चांगली गाय पुढे काढी. त्या दिवसाचा नेमच तसा आहे: समोरच्याच्या गाईचं कौतुक करायचं नाही. करायचं ते घरी, दुधाचं भांडं हातात घेऊन. गोठणीवर नाक मुरडायचं. ज्यानं तिथे एक शब्द चांगला काढला, त्यानं आपल्या मुलीची किंमत आपल्याच तोंडानं उतरवली. आयुष्यभर सासरचे म्हणणार, तुझी माणसं तर जे मिळेल त्यावर खूश होती.

लोक म्हणत, कारेग्येसाला गाईच्या आतलं दिसतं.

त्याला बाहेरचंही दिसत नव्हतं.

आता त्याच्या नातीचं, कोमुगाबेचं लग्न ठरलं. व्याही काटुंग्ये. कळप नामी आणि माणूस इरसाल. चांगल्या गाई मागे उभ्या करतो अशी ख्याती. कोमुगाबे आजोबांच्या पायाशी बसून म्हणाली, "आजोबा, मला हसू नका देऊ त्यांना." त्याच आठवड्यात कारेग्येसानं कुंपणावर वाळत घातलेल्या कांबळ्याची ख्यालीखुशाली विचारली, त्याच्या गाईगुरांची चौकशी केली, आणि ते उत्तर देत नाही म्हणून चिडला.

कोबुसिंगेनं कांबळं काढून घडी केली. "मुगिशाचे बाबा," मुलाच्या नावानं हाक मारत ती म्हणाली, "पाहुणे झोपायला गेले. उद्या आपण दवाखान्यात जाऊ."


दोन्ही, डॉक्टरीणबाईंच्या उजेडाखाली

डॉक्टर अतुहायरे कोबुसिंगेच्या माहेरच्या बाजूची निघाली, त्यामुळे कारेग्येसाला आवाज चढवता येईना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, म्हणाली. आधी डावा करू, तो बरा झाला की उजवा.

त्याला आपले वडील आठवले. त्यांचा डोळा कापून, टाके घालून, डोकं हलू नये म्हणून कित्येक दिवस पाठीवर झोपवून ठेवलं होतं, आणि शेवटी बाटलीच्या बुडासारखा चष्मा दिला होता, ज्यातून त्यांना कोंबडीएवढी माशी दिसे. डॉक्टर म्हणाली, आता तसं नाही. दाण्याएवढी चीर. तीतून एक सुई जाते, ती कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगानं थरथरते, गढूळ झालेलं भिंग तिथल्या तिथे भुगा करते आणि ओढून घेते. मग नवं भिंग, घडी घालून, नळीतून आत सोडायचं. आत गेल्यावर ते आपोआप उलगडतं. टाका नाही.

"आपोआप म्हणजे कोण उलगडतं?"

कोणी नाही, ते मऊच असतं, घडी मोडून आपल्या आकारावर येतं, असं तिनं समजावलं. कारेग्येसानं त्यावर बराच विचार केला.

"आणि उलटं आलं तर? आमच्याकडे वासरू आडवं आलं तर हात घालून फिरवतात."

"मीही फिरवते, मुझेई आजोबा. फक्त हात घालत नाही."

इथवर त्याला ती आवडायला लागली होती. मग तिनं अडचणीचा प्रश्न विचारला: काय बघायचंय? एक भिंग लांबचं स्वच्छ दाखवतं, जवळच्याला चष्मा लावा. एक जवळचं दाखवतं. आणि एक नव्या धाटणीचं, त्याच्यावर बारीक वर्तुळं कोरलेली, ते लांबचंही दाखवतं आणि जवळचंही; रात्री दिव्याभोवती मात्र कडी दिसतात.

कारेग्येसा म्हणाला, गोठणीच्या पार टोकाला उभी असलेली गाय.

कोबुसिंगे म्हणाली, आणि मी?

तो म्हणाला, तू कुठे उभी असणार आहेस त्यावर आहे.

"माझं तोंड नाही दिसलं तरी माझं काही अडत नाही," ती डॉक्टरला म्हणाली, "पण दूध ओतताना यांना पेला दिसू दे. सगळं दूध मांजरीला जातं. वर्तुळंवालं घाला."

रात्रीच्या कड्यांचं काय, असं डॉक्टरनं विचारलं, तर रात्री हे घोरतात, असं उत्तर मिळालं.


डावा

पट्टी काढली तेव्हा कारेग्येसानं पहिल्यांदा बादली बघितली. निळी. इतकी निळी की त्यानं विचारलं, ही आज रंगवली का. मग बायको बघितली. तोंड उघडलं, विचार केला, मिटलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला एवढी अक्कल असते.

"बोला की," कोबुसिंगे म्हणाली. "मीही तुम्हाला रोज बघतेच आहे."

घरापर्यंतच्या वाटेवर त्यानं गाडी दोनदा थांबवायला लावली. एकदा एका केळीच्या पानासाठी, एकदा काही नसताना.

उजवा डोळा अजून तसाच होता. डावा मिटला की जग जुन्या पातेल्याच्या तळासारखं. डावा उघडला की धुऊन, घासून उन्हात ठेवल्यासारखं. दोन दिवस तो अंगणात बसून नुसती पापणी खालीवर करत होता. बघणाऱ्या पोरींना वाटलं, म्हातारा डोळा मारतोय.


डावा, काटुंग्येच्या गोठणीवर

दूध झालं, एशाब्वे, म्हणजे फेटलेल्या तुपाचं कालवण, आणि बाजरीचा गोळा झाला, दोन्हीकडचं गोडगोड बोलणं झालं. मग सगळे कुंपणाशी आले. बोलणी करायला कारेग्येसाचा धाकटा भाऊ काबागांबे होता, पण खरं काम काठीचं, हे सगळ्यांना माहीत. काटुंग्ये गाईंकडे तोंड करून, हात मागे बांधून उभा होता. त्याच्या अंगठ्यांची चुळबुळ कारेग्येसाला इथून दिसली. आजवर असल्या दिवशी कुणाचेच अंगठे त्याला दिसले नव्हते.

दार उघडलं. मागच्या रांगेतून, दडवलेली, इतर गाईंच्या पाठींवरून शिंगं उचलत एक बिहोगो गाय पुढे आली. गडद तांबडी, ओल्या मातीच्या नव्या मडक्यासारखी, अंगावर एक वेगळा केस नाही. कित्येक वर्षांत कारेग्येसानं असा तांबडा रंग बघितला नव्हता. त्याला काठी उचलायची होती. त्याला "ती का? असू दे" म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते आणि तेवढ्यात त्याचं तोंड


(हे कोणत्याच डोळ्याच्या हातात नव्हतं)

उघडलं, आणि तो गाऊ लागला.

*हिच्या शिंगांमधून चंद्र जाईल, त्याला ओरखडा येणार नाही.*
*ही पाण्यावर वाकली की तळ्याला वाटतं, सांज झाली.*
*हिच्या मागून चालणारा माणूस घरी उशिरा पोचतो, आणि कुणी रागावत नाही.*

गाईची स्तुती म्हणावी तशी, ताठ उभं राहून, काठी आडवी धरून, दम न घेता. एक संपली की दुसरीची सुरू केली. पांढऱ्या ठिपक्यांची. मग राखी. एका म्हाताऱ्या भाकड गाईच्याही चार ओळी झाल्या.

काबागांबेचा चेहरा उतरला. त्यानं मोठ्यानं खोकून पाहिलं. मुलाकडची पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली.

आणि काटुंग्ये? तो आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं. तो आपल्याच गाईकडे वळून बघू लागला, जणू आजच बाजारातून आली आहे. शेवटी त्यानं दोन्ही हात दारावर आडवे टाकले.

"व्याही," तो म्हणाला, "ही बिहोगो मी देऊ शकत नाही. माझ्याकडे काय आहे हे मलाच कुणी सांगितलं नव्हतं."

ती भाकड घेऊन जा, म्हणाला. तिच्याबद्दलही तुम्ही चांगलंच बोललात.

काबागांबेनं भावाला दंडाला धरून बाजूला ओढलं. शहाणा आहेस का, घरी पोरगी वाट बघतेय, बायका दारात उभ्या असतील, आणि आपण भाकड गाय घेऊन जायचं? उद्यापासून कोमुगाबेला सासरी हाक कशी मारतील, सांगू? दवाखान्यात डोळा बसवला की रेडिओ?

कारेग्येसा खाली मान घालून उभा होता. त्यानं जीभ चावून पाहिली. पुन्हा वर बघितलं. बिहोगोनं मान वळवली, ऊन पाठीवरून घरंगळलं, आणि त्याच्या छातीतून पुढची ओळ वर येऊ लागली. त्यानं घाईघाईनं डावा डोळा मिटला.


उजवा, पुन्हा

तपकिरी धुकं. धुक्यात शिंगं.

किती बरं वाटलं त्याला.

तो काठी टेकत दाराशी गेला. हनुवटी काठीवर ठेवली. "तांबडी," तो म्हणाला. मग थांबला. इतका थांबला की कुंपणावरचा बगळा उडाला. "मघाशी गायलो ते पाहुणा म्हणून. दूध पाजलंत, तोंड गोड करायला हवं. आता निवडायला आलोय."

"मग?" काटुंग्येनं विचारलं.

"चालताना मागचा पाय ओढते."

"कुठे ओढते?"

"तुम्ही मालक. तुम्हाला सवय झाली असेल." त्याला पायच दिसत नव्हते. "आणि संध्याकाळच्या धारेला लाथ मारते."

काटुंग्येच्या गुराख्यानं चमकून मालकाकडे बघितलं. मालकानं त्याच्याकडे. ती खरंच मारायची. तिसऱ्या वेताच्या आधीपासून मारायची, आणि हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

"हे तुम्हाला इथून दिसलं?"

कारेग्येसानं खांदे उडवले. "ती ठेवा तुमच्याकडे. त्या मागच्यांतली एखादी काढा."

मग जुनी गंमत सुरू झाली. काटुंग्ये म्हणाला, पाय अजिबात ओढत नाही. कारेग्येसा म्हणाला, असं मालक म्हणतातच. काटुंग्येनं बिहोगोला स्वतः धरून चालवून दाखवलं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. कारेग्येसा धुक्याकडे बघत दर फेरीला एक सुस्कारा टाकत होता. शेवटी काटुंग्येला स्वतःच्या गाईचा अपमान सहन होईना. हीच न्या, तो म्हणाला, आणि घरी नेऊन बघा ओढते का. नाही ओढला तर माणूस पाठवून कबूल करा. तिच्यामागून उरलेल्याही काढल्या, रागारागात, एकीपेक्षा एक.

काबागांबे दोऱ्या गोळा करत होता आणि भावाच्या तोंडाकडे बघायचं टाळत होता, कारण त्याला हसू आवरलं नसतं.


दोन्ही उघडे

खाली ओढ्यापाशी पोचल्यावर कारेग्येसानं डावा डोळा उघडला. बिहोगो त्याच्या हाताशीच होती. पापण्यांचे केससुद्धा तांबडे. त्याला तिच्यापुढे शरम वाटली. इतक्या लोकांसमोर, इतका वेळ, तोंडावर नावं ठेवली होती.

बाकीची मंडळी पुढे पाण्यात उतरली असं बघून तो तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणू लागला. *हिच्या शिंगांमधून चंद्र जाईल...*

मग सावध होऊन मागे बघितलं. लांब टेकडीवर, कुंपणाबाहेर, एक माणूस कपाळावर हात धरून उभा होता. अंगठासुद्धा ओळखू आला. काटुंग्ये गाय दिसेनाशी होईपर्यंत जागचा हलणार नव्हता.

कारेग्येसानं आवाज खाली आणला. दोन पावलं टाकली. आता गाईंच्या दोऱ्या या हातातून त्या हातात गेल्या होत्या, कुणी काही परत घेणार नव्हतं. तो थांबला, टेकडीकडे तोंड करून ताठ उभा राहिला, काठी आडवी धरली आणि पहिल्यापासून, पूर्ण गळ्यानं सुरू केलं.

तीन ओळी झाल्यावर तो दम घ्यायला थांबला, तेव्हा टेकडीवरून पुढची ओळ आली. ती या गाईच्या आईच्या स्तुतीची होती. तिच्यामागून आजीची.

काबागांबे ओढ्यातल्या दगडावर बसला, बूट काढले, आणि बाकीच्यांनाही बसायला सांगितलं. ऊन डोक्यावर आलं होतं, गाई पाणी पीत होत्या, आणि काटुंग्येचा कळप फार जुन्या घराण्यातला होता.