बिजलीचा पान्हा आणि अंबादासचा हात

मी एक जुनी म्हैस आहे. मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये अडवू नका. माझं नाव बिजली. नाव ठेवलं तेव्हा मी पळत होते. आता उठायचं म्हटलं तरी दोनदा विचार करते. शिक्षण म्हणाल तर एकदा शाळेच्या पटांगणात चरले होते, तेवढंच. पण माणसाचा हात ओळखायला शाळा लागत नाही.

माझा जन्म कुरुंदवाडचा. लहान होते तेव्हाच हंबीररावांनी मला कोल्हापुरात आणलं आणि पुढं दूध कट्ट्यावर उभं केलं. तिथं संध्याकाळी आम्ही म्हशी ओळीनं उभ्या राहतो, मालक गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि गिऱ्हाईक तिथंच फेसासकट ग्लास तोंडाला लावतं. माझ्यापुढं रांग असायची. दिवाळीच्या पाडव्याला माझी शिंगं रंगवायचे, गळ्यात कवड्यांची माळ घालायचे. हंबीरराव फटफटी दामटायचे आणि मी मागून उधळायची. लोक शिट्ट्या मारायचे. त्या माझ्यासाठी असायच्या, हंबीररावांसाठी नव्हे.

मग हंबीररावांचे गुडघे गेले आणि माझा मालक बदलला.

नवा मालक अंबादास. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पुण्यात वीस वर्षं कचेरीत काढलेला. फोन वाजला की त्याची छाती धडधडायची. एक दिवस कचेरीच्या लिफ्टमध्ये तो मटकन खाली बसला, तो पुन्हा त्या लिफ्टकडं वळलाच नाही. नोकरी सोडून तो आईकडं परत आला आणि खोलीचं दार लावून बसला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर सांगितलं की जनावरांच्या सहवासात मन निवतं. डॉक्टरांच्या मनात बहुधा मांजर असावं. ह्यानं म्हैस घेतली. म्हशीला कुणी विचारलं नाही.

त्याची आई आक्का मात्र बाई खमकी. धार तीच काढायची. बसली, एक शिवी दिली, पाठीवर एक थाप मारली की माझी कास मोकळी. अंबादास बसला की त्याचे हात बर्फासारखे गार. आणि मित्रांनो, पान्हा काही आमच्या मर्जीवर नसतो. आतून आला तर येतो. समोरचा हात भेदरलेला असला की सगळं दूध वर चढून बसतं. द्यायचं मनात असतं, पण देता येत नाही.

"आई, तिचे डोळे बघ. टेन्शनमधी हाय ती," अंबादास म्हणायचा.

"तिला कशाचं आलंय टेन्शन? तिच्याम्होरं वैरण हाय," आक्का म्हणायची. "तुझं तू बघ."

एकदा त्यानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं, की म्हशीनं दिवसातून किती उसासे टाकावेत. पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट नेमका कोण?"

असं चाललं होतं. मग एका सकाळी आक्का गोठ्यात घसरली आणि तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला.

"अंबू, आता कट्ट्यावर तू जायाचं," ती म्हणाली. "चार दिस बघीन. न्हाय जमलं तर बिजलीला गडहिंग्लजच्या बाजारात धाडते. मग तू बस परत खोलीचं दार लावून."

म्हाताऱ्या म्हशीला बाजारातून कुणी लाडानं नेत नाही, हे मला ठाऊक होतं. दार लावून बसलेला माणूस कसा होतो, ते आक्काला ठाऊक होतं. त्या रात्री दोघींनीही नीट खाल्लं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो. घरी आक्कानं डाव्या हातानं कशीबशी माझी कास मोकळी केली. दुसऱ्या दिवशी चौकापर्यंत. तिसऱ्या दिवशी कट्टा दिसला, तसा त्यानं कासरा सोडला आणि खाली बसला. मीही बसले. एवढी वजनदार असून मला त्याच्यासाठी दुसरं काही करता येईना. ट्रॅफिक थांबलं. लोकांनी दोघांनाही शिव्या घातल्या.

चौथ्या दिवशी कसे कोण जाणे, पोचलो.

माझं जुनं गिऱ्हाईक बाळासो स्वतःचा ग्लास घेऊन हजर होता. कान मोडलेला म्हातारा पैलवान. अंबादास माझ्या कासेशी बसला. एक मिनिट गेलं. पाच गेली. ग्लास कोरडाच.

"काय पावणं, म्हस शोभंची हाय व्हय?"

"थ... थोडं थांबा."

"आवं, भ्याचं काय त्यात? म्हस हाय, वाघ न्हाय!"

शेजारच्या म्हशीची मालकीण शालूबाई म्हणाली, "दम घ्या दादा, दम घ्या. असा भरून." कुणी म्हणालं पाणी पाजा. कुणी म्हणालं देवाचं नाव घ्या. कुणी माझ्या शेपटीला पीळ घालायला सांगितलं. जेवढे सल्ले, तेवढा त्याचा हात गारठला, तेवढं माझं दूध वर चढलं. मी डोळे मिटले, दात आवळले. काही उपयोग नाही. उभ्या जन्मात मला एवढी लाज वाटली नव्हती.

शेवटी अंबादासनं माझ्या पोटाला कपाळ टेकलं. हळूच म्हणाला, "बिजले, मला लई भ्या वाटतंय गं. आज बी."

तेव्हा माझ्याकडून जे झालं ते सांगते. मी मुतले. थोडंथोडकं नाही, चांगली बादलीभर. बाळासोच्या नव्या कोल्हापुरी चपला न्हाल्या. "आयला!" करत पैलवान उडाला, शालूबाई उडाली, सल्ले देणारे सगळे दहा हात लांब पळाले.

लोक म्हणतात, शहाणी म्हैस, मुद्दाम केलं. खोटं आहे. मलाही भ्या वाटलं होतं. भ्यालं की माझं असंच होतं.

गर्दी हटली. पायजमा भिजलेला अंबादास तसाच बसून होता, आणि तो हसायला लागला. रडल्यासारखं हसला. हसता हसता त्याची बोटं कोमट झाली. माझ्या आत काहीतरी खाली उतरलं. चर्रर्र करून पहिली धार ग्लासात पडली. मग दुसरी. अर्धा ग्लास भरला आणि पुन्हा थांबलं.

बाळासो अनवाणी परत आला. अर्धाच ग्लास बघितला, प्याला, मिशी पुसली. "उद्या येतो," म्हणाला. "चपला घरी ठेवून."

घरी आक्कानं हे ऐकलं आणि तोंड फिरवून म्हणाली, "अर्धा तर अर्धा. बाजाराचं बघू फुडं."

मित्रांनो, अंबादास बरा झाला असं सांगितलं तर मी खोटारडी ठरेन. हात आजही गार पडतो. कधी अर्धा ग्लास निघतो, कधी आम्ही चौकातूनच मागं फिरतो. एवढंच मागणं आहे, की भ्यालेल्याला 'भिऊ नको' म्हणू नका. ते त्याला तुमच्या आधीपासून माहीत असतं. जरा लांब उभे राहा, पण निघून जाऊ नका.

रोज कट्ट्याला निघताना तो माझ्या कासऱ्याची गाठ पाच वेळा तपासतो. गाठ पहिल्याच वेळी पक्की असते. मी पाचही वेळा थांबते.